इन्शुरन्स संपलाय, गाडी दुसऱ्याच्या नावावर आहे आणि मुंबई नाक्याला अडवलं

या आठवड्याचं पत्र नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरून आलंय, थोडं कमी करून देतेय.

"ताई नमस्कार. मी अंबडला एका कंपनीत कामाला आहे. आठ महिन्यांपूर्वी कंपनीतल्याच एका मित्राकडून जुनी कार घेतली, एमएच 15 चीच आहे, 1197 सीसी, दोन लाख दहा हजार दिले. आरसी अजून त्याच्याच नावावर आहे, आज करू उद्या करू करत राहून गेलं. इन्शुरन्स संपून तीन महिने झाले, बोनस आला की काढणारच होतो. परवा मुंबई नाक्याला ट्रॅफिकवाल्यांनी थांबवलं, मशीनमध्ये नंबर टाकला, दोन हजाराचं चलन केलं आणि वर म्हणाले परत सापडलास तर गाडी जमा करू. घरी सांगितलं तर मेव्हण्याने फॅमिली ग्रुपवर इंग्लंडचा एक व्हिडिओ टाकला, तिथे पोलीस इन्शुरन्स नसलेली गाडी जागेवरच क्रेनवर चढवून नेतात. मेव्हणा म्हणतो आपल्याकडे असा कायदाच नाही, दोन हजार भर आणि विसर. बायको आता गाडीत बसायला तयार नाही. पुढच्या आठवड्यात आईला वणीच्या गडावर न्यायचंय, तिचे गुडघे दुखतात, एसटी जमत नाही. ज्याच्याकडून गाडी घेतली तो आता दुसऱ्या कंपनीत गेलाय, फोन उचलत नाही. खरंच गाडी उचलतात का? आणि मी काय करू?"

भाऊ, तू ताई म्हणालास म्हणून सरळ अरेतुरे करतेय. पत्र वाचून आधी तुझ्या बायकोचं कौतुक वाटलं, कारण घरात एकटी तीच बरोबर बोलतेय.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मेव्हणा अर्धा बरोबर आहे आणि हे अर्धंच जास्त धोक्याचं. आपला मोटार वाहन कायदा 1988 चा, त्याचं कलम 146 सांगतं की थर्ड पार्टी विम्याशिवाय, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरणाऱ्या विम्याशिवाय, गाडी रस्त्यावर आणायचीच नाही. आणली तर कलम 196, पहिल्या वेळी दोन हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा सापडलास तर दंड चार हजार, कैदेचं तसंच. 2019 च्या दुरुस्तीआधी हा दंड एक हजार होता. आणि त्या कलमात फक्त चालवणारा नाही, चालवायला देणारा पण आहे, म्हणजे उद्या मेव्हण्याने "जरा सिन्नरला जाऊन येतो" म्हणून चावी नेली तर तो पण अडकतो आणि तू पण. गाडी अडकवून ठेवायचा अधिकार येतो कलम 207 मध्ये, आणि तिथे जी कारणं दिलीयत ती म्हणजे लायसन्स नाही, चालवणारा वयात बसत नाही, गाडीचं रजिस्ट्रेशन नाही, परमिट लागतं तिथे परमिट नाही. त्या यादीत विम्याचं कलम नाहीये. मेव्हण्याला कुठून तरी हे कळलेलं दिसतंय.

पण याच्या जोरावर तू गाडी काढू नकोस. समज पुन्हा नाकाबंदीत अडवलं, त्या दिवशी लायसन्स घरी राहिलंय, मोबाईल डिस्चार्ज आहे, आरसी दुसऱ्याच्याच नावावर, तो फोन उचलत नाही आणि इन्शुरन्स नाही. आता ही गाडी तुझीच आहे, चोरीची नाही, हे त्या हवालदाराने कशावरून मानायचं? तुझ्याकडे एक कागद तरी आहे का ज्यावर तुझं नाव आणि त्या गाडीचा नंबर शेजारी शेजारी लिहिलाय? गाडी जमा झालीच तर पावती घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस, कोणत्या कलमाखाली घेतली आणि कुठे ठेवली ते त्यावर लिहून घे. आणि मग ती सोडवायला मालक लागतो रे, कागदावरचा मालक. तू जाऊन उभा राहिलास तरी तू कोण हाच पहिला प्रश्न येणार.

इंग्लंडच्या व्हिडिओचं पण सांगते कारण तो खोटा नाही. तिथे 2005 मध्ये कायद्यात भर घालून पोलिसांना हा अधिकार दिलाय. देशातल्या सगळ्या इन्शुअर्ड गाड्यांची एकच यादी आहे, पोलिसांच्या गाडीवरचा कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, यादीत नाव नसलं की थांबवतात आणि टोइंगवाला बोलवतात. गाडी परत पाहिजे तर इन्शुरन्स दाखवायचा, लायसन्स दाखवायचं, उचलायचे पैसे भरायचे आणि यार्डात ठेवल्याचे रोजचे वेगळे, नाही नेली ठरलेल्या मुदतीत तर विकतात नाहीतर दाबून भंगार करतात. वरून तीनशे पाउंड दंड आणि लायसन्सवर दंडाचे सहा पॉइंट. 2011 पासून तर नुसती उभी असलेली गाडी पण विमा नसेल तर दंडाला पात्र आहे, रस्त्यावर आणणारच नाही असं सरकारला लिहून दिलं असेल तरच सूट. हे झालं व्हिडिओत दिसणारं. व्हिडिओत न दिसणारं असं की तिथे 1946 पासून एक संस्था आहे, सगळ्या विमा कंपन्या मिळून तिला पैसे देतात, आणि बिनविम्याच्या गाडीने कोणाला उडवलं तर ती संस्था जखमीला भरपाई देते. म्हणजे तिकडे गाडी पण उचलतात आणि उडवलेल्या माणसाला वाऱ्यावर पण सोडत नाहीत. आपल्याकडे 2025 पासून अपघातात जखमी झालेल्याला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना आलीय, फार चांगली गोष्ट आहे, पण ती उपचारापुरती. माणूस गेला किंवा जन्माचा अधू झाला आणि गाडी बिनविम्याची निघाली तर भरपाई देणार कोण, तर गाडीचा मालक आणि ड्रायव्हर, स्वतःच्या खिशातून.

माझं मत विचारशील तर आपल्याकडे पण गाडी उचलायला पाहिजे. मला माहितीय यावर लोक म्हणतात गरिबाची गाडी म्हणजे त्याचं पोट, ती उचलून त्याला उपाशी मारणार का. मी पण कधीतरी असंच म्हणायचे. का म्हणत नाही ते सांगते.

2007 ची गोष्ट. माझे काका म्हसरूळहून पहाटे सायकलवर कोथिंबीर, मेथीच्या जुड्या घेऊन मार्केट यार्डात यायचे, दिंडोरी रोडने. थंडीचे दिवस, अंधार, मागून टोमॅटोचे क्रेट भरलेली एक पिकअप आली आणि काका गेले, दवाखान्यात नेईपर्यंत पण राहिले नाहीत. मागे काकू, अकरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा. पिकअप पळून गेली नाही, तिचा मालकच चालवत होता, तो थांबला, त्यानेच काकांना उचलून गाडीत घातलं, हे पण सांगायला पाहिजे. नंतर कळलं इन्शुरन्स संपून चाळीस दिवस झाले होते. केस उभी राहिली, विमा कंपनीने सांगितलं त्या तारखेला पॉलिसीच नव्हती, आणि ते खरंच होतं, त्यांना दोष देण्यात काही अर्थ नाही. साडेपाच वर्षांनी निकाल लागला, चार लाख साठ हजार आणि वर व्याज, मालकाने द्यायचे. आम्ही सगळे रडलो त्या दिवशी, वाटलं पोरांची शिक्षणं झाली. आणि मग वसुली. पिकअप फायनान्सवाल्यांनी कधीच ओढून नेलेली. जमीन दीड एकर, सातबाऱ्यावर चार भावांची नावं. त्या चार लाख साठ हजारांपैकी काकूच्या हातात तुकड्यातुकड्यात बासष्ट हजार आले. मुलीने बारावीला शाळा सोडली आणि दुकानात कामाला लागली.

एकदा त्या मालकाची बायको आमच्या घरी आली होती. मी होते तिथे. प्लास्टिकच्या पिशवीत तीन हजार रुपये घेऊन आली होती, ओट्यावरच उभी राहिली, आत येईना. काकूने पाणी दिलं. ती एवढंच म्हणाली, "पुढच्या महिन्यात भरणारच होतो हो, द्राक्षाचे पैसे आले की." मग दोघी तशाच बसून राहिल्या बराच वेळ. म्हणून तुझ्या पत्रातलं "बोनस आला की काढणारच होतो" वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला रे. तो माणूस वाईट नव्हता, दारुडा नव्हता, पळाला नाही. त्याच चाळीस दिवसांत कोणीतरी त्याची पिकअप जमा करून घेतली असती तर त्या सीझनला त्याचे हाल झाले असते, पण आमचे काका आज ऐंशीचे असते आणि त्याच्या बायकोला कोणाच्या ओट्यावर पिशवी घेऊन उभं राहायची वेळ आली नसती.

तू विचारतोयस गाडी जाईल का. गाडी दोन लाखाची आहे. अपघात झाला आणि ट्रिब्युनलने, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या कोर्टाने, रक्कम ठरवली की ती कलम 174 प्रमाणे कलेक्टरमार्फत वसूल होते, जमीन महसुलाची थकबाकी जशी वसूल करतात तशी. गावाकडच्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला लागत नाही. तुझा पाथर्डी फाट्याचा फ्लॅट असेल तर तो, आईच्या नावाने ठेवलेलं काही असेल तर ते नाही पण तुझ्या नावावरचं सगळं त्यात येतं. आणि रक्कम किती होईल याला वरची मर्यादा नाही, समोरचा तरुण कमावता माणूस असेल तर ती सहज लाखांत चाळीस पन्नासपर्यंत पण जाते. विमा असला तर हेच सगळं कंपनी भरते, मृत्यू किंवा इजा असेल तर जितकी रक्कम ठरेल तितकी.

आणि अपघात झाल्यावर गाडीचं काय होतं ते पण ऐक, कारण तिथे मेव्हण्याचा "असा कायदाच नाही" पूर्ण खोटा पडतो. अपघाताच्या गुन्ह्यात पोलीस गाडी जप्त करतात, आरटीओचे इन्स्पेक्टर येऊन तपासणी करतात, ती पोलीस स्टेशनच्या आवारात उभी राहते. विमा असलेल्याची गाडी कोर्टातून सुपुर्तनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन, सुटते. विमा नसलेल्यासाठी सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये राज्यांना सांगितलं की नियम करा, भरपाईइतकं तारण दिल्याशिवाय अशी गाडी सोडायची नाही, आणि तीन महिन्यांत तारण आलं नाही तर लिलाव करून पैसे ट्रिब्युनलमध्ये जमा करायचे. अंबड, आडगाव, कुठल्याही पोलीस स्टेशनच्या कंपाउंडमध्ये गवतात टायर बसलेल्या गाड्या तू पाहिल्या असशील.

आता तुझ्या मित्राचं. तो फोन उचलत नाही याचं तुला टेन्शन आहे, पण खरं टेन्शन त्याला यायला पाहिजे आणि त्याला ते माहीत नाहीये. कायद्यात मालक म्हणजे ज्याचं नाव रजिस्ट्रेशनला आहे तो. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्येच एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं की गाडी पुढे विकली, पुढच्याने अजून पुढे विकली, तरी आरटीओत नाव बदललेलं नसेल तर भरपाई नाव असलेल्या मालकाकडूनच. म्हणजे तू उद्या पाथर्डी सर्कलला कोणाला धडकलास तर नोटीस त्याच्या घरी जाणार. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत गाडी नावावर करायला अर्ज करायचा असतो, हे कलम 50 मध्ये आहे. तुमच्या दोघांचे आठ महिने गेलेत. हे त्याला भांडून नको सांगूस, "तुझ्यावर येईल रे, म्हणून आलोय" असं सांग, माणूस ऐकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकून निळी टिक बघत बसू नकोस, सरळ घरी जा.

आणि त्याच्याशिवाय तुझं पुढचं पाऊल पडतच नाही, कारण गाडी नावावर करायला आरटीओला चालू विमा लागतो, आणि विमा निघतो आरसीवरच्या मालकाच्या नावाने. खूप जण इथेच गोल गोल फिरत बसतात. त्यातून वाट अशी की आधी त्याच्या नावाने पॉलिसी काढायची, पैसे अर्थात तू द्यायचे, पण 2023 पासून कुठलीही पॉलिसी केवायसीशिवाय निघत नाही, म्हणून त्याचं आधार पॅन आणि ओटीपीसाठी त्याचा मोबाईल लागणार. पॉलिसी हातात आली की पीयूसी काढून घे, जुनी चलनं भरून टाक, परवाचं दोन हजाराचं पण, राहिली तर काम अडकतं. मग गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या आणि पेठ रोडचं आरटीओ. गाडी एमएच 15 चीच आहे त्यामुळे दुसऱ्या जिल्ह्याची एनओसी वगैरे भानगड नाही, फक्त आरसीवर बँकेचा बोजा चढवलेला आहे का ते बघ, असला तर बँकेची एनओसी त्याच्याकडूनच घ्यायला लागेल. नवीन आरसी आली की ती विमा कंपनीला पाठवून पॉलिसीवर तुझं नाव लावून घ्यायचं, हे शेवटचं काम बहुतेक लोक विसरतात. नाव लावलं नाही तर समोरच्याला कंपनी भरपाई देईल, ते कव्हर गाडीबरोबर जातं, पण तुझ्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारतील.

किती पैसे लागतील? 1000 ते 1500 सीसीच्या प्रायव्हेट कारचा नुसता थर्ड पार्टी जून 2022 पासूनच्या दराने 3,416 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4,031. हा दर सरकारने ठरवलेला आहे, कुठल्याही कंपनीकडे जा, तोच. यात वर पंधरा लाखाचा मालक-चालकाचा अपघात विमा जोडतात त्याचे काही रुपये वेगळे. आता हिशोब बघ, परवाचे दोन हजार गेले, दुसऱ्यांदा सापडलास तर चार हजार, झाले सहा. दंड भरून तुला एक दिवस पण गाडी चालवायची परवानगी मिळत नाही हे लक्षात ठेव, चलनाची पावती दाखवली म्हणून पुढच्या चौकात कोणी सोडत नाही.

पण नुसता थर्ड पार्टी घेऊ नकोस असं मला वाटतं, आणि याचं कारण डेंट स्क्रॅच नाही. थर्ड पार्टी म्हणजे गाडीबाहेरचा माणूस. प्रायव्हेट कारची नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर आत बसलेले, म्हणजे तुझी आई, बायको, पोरं, साधारणपणे त्या कव्हरमध्ये धरले जात नाहीत. ज्याला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो त्या पॅकेज पॉलिसीत ते धरले जातात. हे एजंट सांगत नाहीत कारण विचारतच नाही कोणी. तुझी पॉलिसी मध्ये तुटलीय त्यामुळे फुल इन्शुरन्सला कंपनी आधी गाडी बघणार, आजकाल मोबाईलवर गाडीचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढून पाठवायला सांगतात. नो क्लेम बोनसची, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीची, आशा धरू नकोस, नव्वद दिवसांपुढे तो जातोच, आणि तसाही तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो, मित्राचा बोनस तुला मिळणार नव्हताच. पैशाची ओढ असेल तर आत्ता थर्ड पार्टी घे आणि बसणाऱ्यांसाठी वेगळं अपघात कव्हर जोडून घे, तेवढं तरी कर. आई बसणार आहे ना त्यात.

पॉलिसी काढताना दोन गोष्टींवर नजर ठेव. एक, कव्हर कधी चालू होतं ती तारीख आणि वेळ, ती पॉलिसीवर छापलेली असते, आज पैसे भरले म्हणजे आजच चालू झाली असं नाही, कधी कधी दुसऱ्या दिवसापासून किंवा अजून पुढून असते. त्या वेळेआधी झालेल्या अपघाताला ती पॉलिसी काही कामाची नाही. दुसरं, निम्म्या किमतीत काढून देतो म्हणणाऱ्यापासून लांब. आत्ताच सांगितलं ना दर ठरलेला आहे, मग निम्म्यात कशी येईल? असे प्रकार पकडले गेलेत की माणूस खरी पॉलिसी काढतो ती स्कूटरची, स्वस्तातली, आणि पीडीएफमध्ये खाडाखोड करून कारचा नंबर टाकून देतो, नाकाबंदीत कागद बघून सोडतात पण, आणि खरी वेळ आल्यावर कळतं. पॉलिसीवर क्यूआर कोड असतो तो स्कॅन करून बघ, आणि दोनचार दिवसांनी सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची तारीख बदलली का बघ. तिथे अपडेट व्हायला वेळ लागतो म्हणून तोपर्यंत पीडीएफ मोबाईलमध्ये ठेव, एमपरिवहन किंवा डिजिलॉकरमधले कागद पोलिसांना चालतात. आणि कागद आहे पण जवळ नाही अशी वेळ आली तर नियमात पंधरा दिवसांत दाखवायची सोय आहे. ती सोय कागद असलेल्यांसाठी आहे, नसलेल्यांसाठी नाही. चलनाचे पैसे फक्त महाट्रॅफिकच्या अ‍ॅपवरून किंवा साइटवरूनच भर, व्हॉट्सअ‍ॅपवर "तुमचं चलन बाकी आहे" म्हणून फाइल येते ती उघडायची नाही, बँक रिकामी होते.

अजून एक, पत्रात नाहीये तरी विचारते. बायकोकडे स्कूटी आहे का? सप्टेंबर 2018 नंतर नवीन घेतलेल्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी सुरुवातीलाच येतो. त्यामुळे झालंय काय की 2019, 2020 मध्ये स्कूटी घेतली ती लोकं पाच वर्ष विसरूनच गेली की विमा नावाचं काही असतं, आणि आता ती मुदत संपून गेलीय आणि त्यावर पोरांना कॉलेज रोडला क्लासला पाठवतायत. दीडशे सीसीपर्यंतच्या गाडीला वर्षाचे 714 अधिक जीएसटी, साडेआठशेच्या आत. आजच आरसी काढून बघा घरातल्या सगळ्या गाड्यांच्या.

गडाचं म्हणशील तर, पॉलिसी चालू होईपर्यंत गाडी पार्किंगमध्ये. सोसायटीच्या गेटबाहेर पण नाही, किराणा आणायला पण नाही. चार दिवसांत काम झालं तर आईला घेऊन जा, आनंदाने जा, बायको पण बसेल. नाही झालं तर आईला सांग तारीख पुढे ढकलू, किंवा पिवळ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने करा, दोन तीन घरं मिळून केली तर परवडतं, आणि वर पायऱ्यांची काळजी नको, फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, गुडघेवाल्यांना ती फार सोयीची. आईला खरं कारण सांगितलंस तरी चालेल, आया समजून घेतात.

मेव्हण्याशी ग्रुपवर वाद घालत बसू नकोस. त्याची स्वतःची गाडी असेल तर तिचा नंबर एमपरिवहनमध्ये टाकून बघ आणि तारीख गेलेली असली तर ग्रुपवर न टाकता त्याला एकट्याला फोन कर.

मित्राचं घर तुला माहीत असेलच. उद्या सकाळी शिफ्टच्या आधी जा, तो निघायच्या आत गाठ. फॉर्म 29 आणि 30 प्रिंट काढून, तुझ्या बाजूचं सगळं भरून, पेन सोबत घेऊन जा. आणि रिक्षाने जा.